पूर्वेला दार असलेली गाडी

"अहो, त्या गाडीला उंबरठा आहे."

गाडीच्या खिडकीच्या पडद्याआड मी काकडी चिरत होते. बाहेर कुणी बाई आपल्या नवऱ्याला सांगत होती. त्याचा आधी विश्वास बसला नसावा. मग चपलांचा आवाज जवळ आला आणि थांबला.

"खरंच आहे गं. रांगोळी पण आहे."

"तिच्यावर पाय देऊ नका."

"मी कुठे देतोय? फोटो काढू का?"

तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला. "फोटो नंतर काढा. आधी आत या, पाणी प्या. चपला डावीकडे."

ती दोघं कळव्याहून स्कूटरवर नदीकाठचं वनउद्यान बघायला आली होती. पुढची वीस मिनिटं त्यांनी उद्यान पाहिलंच नाही. गाडीतल्या पलंगाच्या कडेला ताठ बसून त्यांनी गूळ-पाणी घेतलं, मग काकडीची कोशिंबीर आणि पोळी घेतली. निघताना बायकोला हळदीकुंकू लागलं आणि नवऱ्याला विचारलं गेलं, "कळव्याची खाडी कुठल्या दिशेला वाहते?"

तो गोंधळला. बायकोकडे बघायला लागला.

"दोन्ही," बाई म्हणाल्या. "भरतीला इकडे, ओहोटीला तिकडे. रोज पुलावरून जाता ना? बघत जा."

बाई म्हणजे माझ्या घरमालकीण. डोंबिवली पूर्वेला मानपाड्याच्या बाजूला त्यांचं तीन खोल्यांचं घर होतं आणि त्यातल्या एका खोलीत मी अडीच वर्षं राहिले. आई-बाबा नाशिकला गेले होते, माझी नोकरी ठाण्यात होती. बाईंनी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता. 'काकू' म्हटलेलं त्यांना चालत नसे, 'आंटी' म्हटलेलं तर ऐकूच येत नसे. मी पहिल्या दिवशी आंटी म्हणाले आणि त्या शांतपणे कपाट आवरत राहिल्या. तिसऱ्या खेपेला 'बाई' म्हटल्यावर वळल्या आणि म्हणाल्या, "हं, बोल मुली."

बोलणं हीच माझी अडचण होती. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मला इंग्रजीत बोलता येत नव्हतं आणि बाहेर पडल्यावर मराठीत. घरच्यांशी, आणि घरच्यांसारख्यांशी, मी व्यवस्थित बोलते. पण चार अनोळखी माणसं बघतायत असं कळलं की शब्द दातांपर्यंत येतात आणि तिथून परत जातात. बाईंना हे दोन दिवसांत कळलं. त्यांनी त्याबद्दल कधी सल्ला दिला नाही. पस्तीस-पस्तीस मुलांचे वर्ग हाताळलेल्या माणसाला सगळ्याच मुलांनी हात वर करावा असं वाटत नसावं.

बाईंना घर सोडून कुठे जायला आवडत नसे. फिरायला मात्र फार आवडे. हे दोन्ही जुळवायला त्यांना निवृत्तीनंतर चार वर्षं लागली. मग त्यांनी शाळेची मोडीत निघालेली एक मिनीबस घेतली आणि तिची कॅराव्हॅन करून घेतली. पलंग, ओटा, गॅसची शेगडी, बेसिन, पाण्याची टाकी, पंखा, देव्हारा. रंग क्रीम दिला, पण ऊन तिरकं पडलं की मागच्या बाजूला जुनी पिवळी अक्षरं अजून वाचता येत.

एमआयडीसीतल्या ज्या फॅब्रिकेटरने हे काम केलं त्याच्याशी झालेला संवाद बाई स्वतः दोन्ही आवाज काढून सांगत.

"बाई, दार सरकतं बसवतो. मस्त दिसेल."

"दार काहीही बसव. उंबरठा सागवानी हवा."

"गाडीला उंबरठा कशाला?"

"गाडीला नाही. घराला."

त्याने बसवला. गाडी ताब्यात द्यायच्या दिवशी चावी घेऊन उतरताना तो स्वतःच त्याला अडखळला. "बघितलंस, घर झालं," बाई त्याला म्हणाल्या.

त्यानंतर गुरुजी आले. प्रश्न पडला की पूजा कसली करायची, वाहनाची की वास्तूची. गुरुजींचं म्हणणं, नंबरप्लेट आहे तर वाहन. बाईंचं म्हणणं, बेसिन आहे तर वास्तू. शेवटी चाकांखाली लिंबं ठेवून वाहनपूजा झाली आणि आत वास्तुशांत. पण वास्तुशांतीत वास्तुपुरुषाची प्रतिमा घराच्या आग्नेय कोपऱ्यात पुरावी लागते. गुरुजी हातात ती छोटी पेटी घेऊन गाडीच्या मधोमध उभे राहिले.

"बाई, हिला आग्नेय कोपरा कुठला? गाडी वळली की कोपरा बदलणार."

बाईंनी क्षणभर विचार केला. भूगोलाच्या दृष्टीने प्रश्न रास्त होता. त्यांनी ओट्याखालची जागा दाखवली, दाराच्या शेजारची, पुढच्या अंगाची. "इथे ठेवा. गाडी चालू असेल तेव्हा ते वाहन. थांबली की घर. आणि थांबेल तिथे मी दार पूर्वेलाच करीन. म्हणजे हा कोपरा आग्नेयच राहील."

गुरुजींनी पेटी ठेवली आणि सुटल्यासारखे निघून गेले. बाई मात्र दिलेल्या शब्दात अडकल्या. दार डाव्या बाजूला, म्हणजे ते पूर्वेला करायचं तर गाडीचं नाक बरोबर दक्षिणेला हवं. कुठेही गेलो की मुक्कामाची जागा सापडायला पाच मिनिटं आणि गाडी दक्षिणेला वळवायला अर्धा तास. एकदा टिटवाळ्याच्या रस्त्यावर चहासाठी थांबलो, तेव्हा मी म्हटलं, "बाई, दहाच मिनिटं थांबतोय." त्या म्हणाल्या, "चहा घरात पिणार आहेस की वाहनात?" मी चहा टपरीवर प्यायले.

मुक्काम म्हटलं खरं, पण त्या गाडीत बाई एकही रात्र झोपल्या नाहीत. पलंगावर रोज ताजी चादर असे, उशीला अभ्रा असे, आणि दुपारी दोन ते तीन त्यावर त्या उताणं पडून छताकडे बघत. दिवेलागणीला डोंबिवलीच्या घरी परत. रात्रीचं काय, असं विचारलं तर म्हणत, "रात्री मी घरी असते." आणि दिवसाचं काय, असं विचारलं तरी तेच उत्तर.

या उत्तराचा त्यांना दर रविवारी उपयोग होई. त्यांचा मुलगा बंगळुरूला होता. आईने गाडी घेतली हे त्याला गाडी घेतल्यावर कळलं. तो विमानाने आला, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि एक अट घातली. ती अट घातली तेव्हा मी शेजारच्या खोलीत होते आणि भिंत पातळ होती.

"आई, मी नाही म्हणत नाहीये. पण कुठे अडकलीस, बंद पडलीस, आणि कुणा अनोळखी माणसाने मला फोन केला, एकच फोन, तर त्या आठवड्यात गाडी विकायची. कबूल?"

कपाटाचं दार उघडून बंद झालं. मग बाई म्हणाल्या, "कबूल."

बाई शब्द फिरवणाऱ्यांतल्या नव्हत्या, हे गुरुजींच्या पेटीवरून एव्हाना सगळ्या सोसायटीला माहीत होतं. म्हणून गाडीचं असणं-नसणं त्या एका फोनवर येऊन थांबलं. त्या टायरची हवा दोनदा तपासत, पाण्याची टाकी तीनदा. रविवारी संध्याकाळी मुलाचा फोन आला की सांगत, "आज? आज दिवसभर घरीच होते." आणि माझ्याकडे असं बघत, जणू मी हसले तर खोली सोडावी लागेल.

आंबिवलीच्या पुढे नदीकाठी हे वनउद्यान होतं. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. उघड्यावर चूल नाही, मोठा आवाज नाही, मुक्काम तर नाहीच. बाईंना ही जागा पहिल्या भेटीतच आवडली, पण फाटकावरच्या पहारेकऱ्याला बाई आवडायला वेळ लागला. तो पन्नाशीचा, जवळच्या गावातला, गळ्यात शिट्टी. त्याने पहिल्यांदा गाडीत डोकावून पाहिलं आणि काठी आडवी धरली.

"मावशी, आत पलंग हाय. म्हंजे मुक्काम."

"तुमच्या घरी पलंग आहे?"

"हाय ना."

"मग दिवसभर झोपून असता का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडे पाहिलं.

"पाचच्या आत भायेर," तो शेवटी म्हणाला.

"साडेचारला निघते मी. मला रात्री माझी उशी लागते."

"ही मंग कोनाची उशी?"

"ही दुपारची."

त्या दिवसापासून तो काठी बाजूला घ्यायचा आणि आम्ही आत गेलो की शिट्टी एकदा वाजवायचा, कशासाठी ते कळलं नाही. चारला बाई एकट्या नदीपर्यंत जात, पाण्यात एक पाय बुडवत, उजवाच, आणि परत येत. त्यांच्या लेखी सहल एवढीच. बाकी वेळ दारात खुर्ची टाकून झाडांकडे बघणं, पेपर वाचणं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना आत बोलावणं. मोर ओरडला की पेपर खाली करून दिशा सांगत. "ईशान्य."

गाडी लावताना माझं काम मागे उभं राहायचं. सगळीकडे अशा वेळी माणूस "येऊ दे, येऊ दे" ओरडतो. मी पहिल्या दिवशी ते तोंडातल्या तोंडात म्हणाले आणि बाई पुढून ओरडल्या, "कोण कुजबुजतंय?" मग त्यांनी दुसरी सोय केली. "तुझा आवाज पुढे येत नाही, हात येईल. पत्र्यावर एक थाप म्हणजे या. दोन म्हणजे थांबा." एका हातात फोनमधला कंपास, दुसरा हात पत्र्यावर. यात मी तरबेज झाले. लोक बघत, पण पत्रा वाजवायला मला लाज वाटत नसे.

तो हिवाळ्यातला रविवार होता. आमची नेहमीची जागा एका मोठ्या कुटुंबाने सतरंज्या घालून घेतली होती. त्यांची तरुण मंडळी बॅडमिंटन खेळत होती. बाईंनी गाडी पुढे, पाण्याच्या टाकीजवळ सागाच्या झाडांखाली नेली. मी मागे. एक थाप, एक थाप, फोन म्हणतोय अजून दहा अंश, एक थाप. आणि सागाच्या वाळक्या पानांतून माझा बूट घोट्यापर्यंत खाली गेला. टाकीचं पाणी झिरपून पानांखाली सगळा चिखल झाला होता.

मी दचकून दोन पावलं मागे सरले. तिथून पत्र्यापर्यंत हात पोचेना.

एक शब्द पुरला असता. बॅडमिंटनवाल्यांनी खेळ थांबवला होता आणि ते सगळे, त्यांची आजीसुद्धा, आमच्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं. बाई दोन थापांची वाट बघत थोडं थोडं मागे येत राहिल्या आणि मागचं डावं चाक हळूच, अजिबात आवाज न करता, खाली बसलं.

बाई उतरल्या. चाक बघितलं. माझा चिखलाचा बूट बघितला, माझा हात बघितला. मला वाटलं, आता विचारतील.

"कंपास काय म्हणतो?"

"दार बरोबर पूर्वेला आहे," मी म्हणाले.

"मग झालं. कुकर लाव."

त्या दिवशी आम्ही कललेल्या घरात जेवलो. वरण ताटाच्या एका कडेला जाऊन बसे आणि भात कोरडा राही. लिंबाची फोड दारापर्यंत घरंगळली आणि उंबरठ्याला अडली. बाईंनी ताटाखाली पेपरची घडी सरकवली आणि म्हणाल्या, "सह्याद्रीत माणसं जन्मभर उतारावर जेवतात." दुपारी पलंगावरही पडल्या, फक्त भिंतीकडे तोंड करून, नाहीतर खाली आल्या असत्या. मी भांडी घासली. मला बोलायचं होतं. त्या डोळे मिटून होत्या, पण झोपल्या नव्हत्या. झोपल्या की त्यांच्या डाव्या हाताची बोटं हलतात, खडू धरल्यासारखी.

साडेतीनला इंजिन सुरू केलं. चाक जागच्या जागी फिरलं आणि आणखी वीतभर खाली गेलं. आम्ही दगड घातले, फांद्या घातल्या, शेवटी पायपुसणं घातलं. बॅडमिंटनवाली मुलं धक्का मारायला आली. त्यांच्या शर्टांवर चिखलाची नक्षी उठली आणि गाडी होती तिथेच. बाईंनी त्यांना हात धुवायला पाणी दिलं, गूळ दिला, नावं विचारली. चार वाजले होते आणि त्या नदीकडे गेल्या नाहीत.

पावणेपाचला शिट्टी वाजवत पहारेकरी आला. त्याने चाकाकडे बघून डोक्यावरची टोपी काढली.

"मावशी, वय झालं तुमचं. मागचं दिसत नसंल आता."

बाई जिल्ह्याच्या नकाशावर दुरून बोट दाखवून गाव सांगणाऱ्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "दिसलं नाही."

त्याने गावातला ट्रॅक्टर बोलावला. ट्रॅक्टरवाला दहा मिनिटांत आला, उतरला, गाडीला एक फेरी मारली, देव्हारा पाहिला. "आगो, ही गारी हाय का घर?" त्याने मला विचारलं. बाईंनी एरवी याला अर्धा तास उत्तर दिलं असतं. उंबरठ्यावर बसू नये हे मला दर रविवारी ऐकवणाऱ्या बाई उंबरठ्यावर बसल्या होत्या.

साखळी लावायची एवढंच बाकी होतं. पण पहारेकऱ्याने आधी आपल्या साहेबांना फोन लावला, आणि साहेबांनी अट घातली. गाडीत वयस्कर बाई आहे, ओढताना काही झालं तर कोण बघणार. घरच्या माणसाशी बोलून घ्या, नाव-नंबर लिहून घ्या, मगच गाडी काढा.

"मावशी, घरी कोन हाय? नंबर सांगा."

"घरी मीच असते."

"तसं नाय. पोरगा, सून, कोनी?"

खोटं बाईंना बोलायचं नव्हतं आणि खरं सांगितलं की गाडी गेली. पहारेकरी वहीत लिहायला टेकू शोधत आत गेला. दारासमोरच्या भिंतीवर बाईंच्या मुलानेच बंगळुरूला परत जाताना एक स्टिकर चिकटवलं होतं, आपत्काळात संपर्क, खाली त्याचं नाव आणि नंबर. तो गेल्यावर दुसऱ्याच दिवशी बाईंनी त्यावर कॅलेंडर टांगलं होतं. एरवी ते व्यवस्थित झाकलेलं असे. पण गाडी डावीकडे कलली होती, त्यामुळे कॅलेंडर भिंतीपासून सुटून मधल्या हवेत लोंबत होतं आणि त्याच्यामागे स्टिकर लख्ख दिसत होतं.

"हा बगा, हितंच हाय की," तो खूश होऊन म्हणाला.

बाई उठल्या नाहीत. पाठमोऱ्या बसून होत्या. त्यांच्या पदराला चिखल लागला होता आणि त्यांनी तो झटकला नव्हता. "लावा," त्या म्हणाल्या. "तुमचं काम आहे ते." मग जरा थांबून, झाडांकडे बघत, "तो बंगळुरूला आहे. रविवारीही त्याची मीटिंग चालू असेल."

पहारेकऱ्याने फोन डोळ्यांजवळ धरला. एकेक आकडा मोठ्याने वाचायचा आणि दाबायचा. बाहेर ट्रॅक्टर धडधडत होता. धक्का मारलेली मुलं, त्यांचे आई-वडील, सतरंजीची घडी हातात घेतलेली आजी, ट्रॅक्टरवाला, सगळे अर्धवर्तुळात उभे होते. पाच वाजायला आले होते तरी एकही जण फाटकाकडे गेला नव्हता. मी त्यांच्यात, एका बुटाला सुकलेला चिखल. सहा आकडे झाले. सात.

मी गर्दीतून पुढे गेले. पत्र्यावर हात ठेवला, पण थाप मारून उपयोग नव्हता.

"फोन लावू नका," मी म्हणाले. आवाज ट्रॅक्टरच्या वर गेला असावा, कारण ट्रॅक्टरवाल्याने मान वळवली. "यांना दिसत नाही असं काही नाही. मागे मी उभी होते. थांबा म्हणायचं काम माझं होतं, मी म्हणाले नाही. आणि यांच्या घरचं माणूस मीच आहे. लिहा माझा नंबर."